ग्रिनेल की स्वॉर्थमोर? दोन्हीकडून होकार आलाय, आता निवडायचं कसं

अमेरिकेतल्या या छोट्या कॉलेजांच्या पदवी-प्रवेशाचे निकाल मार्चअखेरीस लागतात आणि १ मेपर्यंत एका कॉलेजला हो म्हणून डिपॉझिट भरायचं असतं. मधल्या महिन्यात घरोघरी जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा क्रमवारीच्या आकड्याशीच येऊन थांबते. स्वॉर्थमोर वर आहे, ग्रिनेल थोडं खाली, मग विचार कसला करायचा? मला वाटतं, करायला हवा. शनिवारी संध्याकाळी सात वाजता आपलं अठरा वर्षांचं पोर कुठे असेल आणि कोणाबरोबर असेल, हे त्या यादीत मोजलेलं नसतं. छोट्या कॉलेजातली चार वर्षं सुखाची जातात की जड, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

इंजिनिअरिंगकडे थोडाही ओढा असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. स्वॉर्थमोर घ्या. तिथे स्वतःचा इंजिनिअरिंग विभाग आहे आणि चार वर्षांत बी.एस. मिळते, असं छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत (म्हणजे जिथे कला, विज्ञान सगळं एकत्र, मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवतात) फार थोड्या ठिकाणी आहे. ग्रिनेलमध्ये हा विषय नाही. तीन वर्षं तिथे आणि दोन वर्षं दुसऱ्या विद्यापीठात अशी सोय आहे, पण त्यात एक वर्ष वाढतं आणि मित्रमंडळ अर्ध्यात सोडून जावं लागतं.

बाकीच्यांसाठी आधी सारख्या गोष्टी बाजूला काढू, म्हणजे त्यांवर वाद नको. दोन्हीकडे विद्यार्थी १,७०० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या कॉलेजात जेवढी मुलं एकाच वर्षात असतात तेवढी. पीएच.डी.चे विद्यार्थी नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या वर्गापासून प्रयोगशाळेपर्यंत प्राध्यापक स्वतः शिकवतात आणि पहिल्याच आठवड्यात नावाने ओळखतात. बहुतेक सगळे कॅम्पसवरच राहतात. भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान सगळं शिकता येतं. वर्षाचा एकूण खर्च दोन्हीकडे ८०,००० डॉलरच्या वर आहे, आणि प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याची सिद्ध झालेली आर्थिक गरज पूर्ण भागवण्याचं आश्वासन दोन्ही कॉलेजं देतात. परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना मात्र तो किती मदत मागतोय हेही दोन्हीकडे पाहिलं जातं.

गाव

ग्रिनेल हे आयोवा राज्यातलं नऊ-दहा हजार वस्तीचं गाव. चहूकडे मका आणि सोयाबीनची शेतं, दक्षिणेला इंटरस्टेट ८० हा हमरस्ता, आणि डे मॉइन हे सर्वांत जवळचं मोठं शहर पश्चिमेला सुमारे ९० किलोमीटरवर. कॅम्पसमधून रेल्वे जाते, पण ती मालगाडी. तिच्यात बसून कुठे जाता येत नाही, फक्त ती जाईपर्यंत वर्गाला उशीर होतो. गावाचा मुख्य भाग चालत दहा मिनिटांत संपतो. त्यात लुई सुलिव्हन या मोठ्या वास्तुरचनाकाराने १९१४ मध्ये बांधलेली बँकेची एक देखणी छोटी इमारत आहे, आणि पाहण्यासारखं म्हणून गावकरी पहिल्यांदा तीच दाखवतात. १८८२ च्या चक्रीवादळात कॉलेज जवळजवळ भुईसपाट झालं होतं आणि पुन्हा त्याच जागी उभं राहिलं.

(एक जुना धागा जाता जाता. १८४६ मध्ये हे कॉलेज काढणारे पाद्री काँग्रिगेशनल पंथाचे. अहमदनगरला मुलींच्या शाळा काढणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमागेही प्रामुख्याने हाच पंथ होता. याचा आजच्या निवडीशी काडीचा संबंध नाही, पण आजोबांना सांगायला बरं.)

जायला जागा नाही म्हटल्यावर सगळं कॅम्पसवरच आणावं लागतं. गाण्याच्या मैफली, सिनेमे, व्याख्यानं, नाटकं, आणि यातलं बरंचसं फुकट. शुक्रवारी कोणी शहरात पळत नाही, त्यामुळे शनिवारी डॉर्मच्या, म्हणजे वसतिगृहाच्या, बैठकीच्या खोलीत माणसं असतात. जो मुलगा आपणहून कोणाच्या दारावर टकटक करणार नाही, त्याला इथे मित्र मिळण्याची शक्यता जास्त, कारण दार उघडंच असतं आणि समोरच्यालाही दुसरं काम नसतं. परदेशी विद्यार्थी पाच-सहा जणांमागे एक इतके आहेत. गावातली कुटुंबं यजमान म्हणून त्यांच्याशी जोडून दिली जातात, थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावतात, कधी किराण्याला गाडीतून नेतात.

हीच गोष्ट उलटी पण फिरते. ज्याच्याशी भांडण झालं तो रोज मेसमध्ये दिसतो. प्रेम तुटलं तर १,७०० जणांना कळतं. फेब्रुवारीत पारा उणे २० च्या खाली गेला की खोली, मेस आणि ग्रंथालय एवढंच जग उरतं आणि तेही अंधारातून गाठायचं. मुंबईच्या गर्दीत वाढलेल्या काही मुलांना ती शांतता पहिल्या वर्षी अक्षरशः खायला उठते. मुलाला एकटं बाहेर भटकायची, अनोळखी शहरात हरवायची आवड असेल, तर त्याला ग्रिनेलला पाठवू नका.

स्वॉर्थमोर फिलाडेल्फियापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. टेकडीच्या पायथ्याशी लोकल ट्रेनचं स्टेशन, वर पॅरिश हॉल ही कॉलेजची मुख्य इमारत, मध्ये हिरवळ. अर्ध्या तासात शहराच्या मध्यभागी. सगळा कॅम्पसच एक वृक्षोद्यान आहे, झाडांना नावाच्या पाट्या लावलेल्या, मागे क्रम नावाच्या ओढ्याकाठचं जंगल. इतका सुंदर कॅम्पस मुलाला दाखवायला नेलात तर निर्णय तिथेच होईल, म्हणून शक्य असेल तर ग्रिनेल आधी दाखवा.

पण ट्रेन आहे म्हणजे मुलं रोज शहरात जातात असं नाही. सोमवारपर्यंत दोनशे पानं वाचायची असली की ट्रेनची शिटी नुसती ऐकू येते. स्टेशनचा खरा फायदा वेगळा आहे. शहर हाताशी आहे एवढ्यानेही कोंडल्यासारखं वाटत नाही. इंटर्नशिप, संग्रहालय, दवाखाना, विमानतळ, सगळं जवळ. न्यू जर्सीत मावशी-काका असतील तर सुट्टीची सोय झाली, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कोणी ना कोणी एडिसनच्या आसपास असतंच.

दुसरा फायदा अभ्यासाचा. हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर या शेजारच्या दोन कॉलेजांत स्वॉर्थमोरच्या विद्यार्थ्याला वर्ग घेता येतात, ये-जा करायला व्हॅन असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातही घेता येतात, आणि तिथे दक्षिण आशिया अभ्यासाचा १९४० च्या दशकापासूनचा विभाग आहे. छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षी एक अडचण हमखास येते: आपल्या आवडीच्या विषयाचे प्राध्यापक दोनच, आणि त्यांतले एक रजेवर. ग्रिनेलमध्ये अशा वेळी प्राध्यापकाच्या हाताखाली स्वतंत्र प्रकल्प घेतात किंवा एखादं सत्र परदेशी जातात. स्वॉर्थमोरमध्ये शेजारी जाता येतं.

अभ्यास आणि त्याचा ताण

इथे दोन्ही कॉलेजं एकमेकांपासून सर्वांत लांब आहेत, आणि पालक नेमकी याचीच चौकशी कमी करतात.

ग्रिनेलमध्ये सक्तीचा वर्ग एकच, पहिल्या सत्रातलं ट्यूटोरियल. डझनभर मुलं, एक प्राध्यापक, काहीतरी भन्नाट विषय, आणि लिहायला-बोलायला शिकणं. तोच प्राध्यापक मेजर (मुख्य विषय) ठरेपर्यंत तुमचा ॲडव्हायझर. बाकी १२४ क्रेडिट कशी भरायची ते तुम्ही आणि तो बसून ठरवता. एका विभागात किंवा एका शाखेत किती घेता येतील याला वरची मर्यादा आहे, पण अमुक घ्यायलाच हवं असं नाही. बारावीपर्यंत ज्याचं वेळापत्रक शाळा, क्लास आणि आई यांनी मिळून ठरवलं, त्याला हे स्वातंत्र्य आधी गोंधळात टाकतं. काही जण फक्त गणित आणि अर्थशास्त्रच घेत राहतात. मग अमेरिकेपर्यंत कशाला गेलात, असं मला विचारावंसं वाटतं. पण ज्याला विचारायची सवय आहे, त्याच्यासाठी एवढी मोकळीक फार थोड्या ठिकाणी आहे.

स्वॉर्थमोरमध्ये मानव्यविद्या, समाजशास्त्रं आणि विज्ञान-इंजिनिअरिंग या तिन्ही शाखांत किमान तीन-तीन वर्ग घ्यावे लागतात, लेखनप्रधान वर्गही हवेत. शारीरिक शिक्षणही सक्तीचं, त्यात पोहता येतं का तेही पाहतात. येत नसेल तर शिकवतात, घाबरायचं कारण नाही. पहिल्या सत्रात ग्रेड प्रगतिपुस्तकावर येत नाहीत, फक्त उत्तीर्ण की नाही एवढंच. दहावी-बारावीला पहिल्या पाचात राहिलेल्या मुलाला पहिल्या निबंधावर लाल शाईचा सडा मिळतो, तेव्हा ही सवलत खूप मोलाची ठरते.

पण दुसऱ्या सत्रापासून गाठ खऱ्या स्वॉर्थमोरशी. ‘दुसरीकडे असतो तर ए मिळाला असता’ या अर्थाचं वाक्य छापलेले टी-शर्ट विद्यार्थी वर्षानुवर्षं घालत आलेत. थट्टा आहे, पण पोकळ नाही. १९२२ मध्ये फ्रँक एडेलॉट या अध्यक्षांनी ऑक्सफर्डच्या धर्तीवर ऑनर्स अभ्यासक्रम सुरू केला आणि तो अजून चालतो: आठेक जणांचं सेमिनार, आठवड्यातून एकदा, तासन् तास. मधल्या सुट्टीत कोणीतरी खाऊ आणतं आणि पुन्हा वाद सुरू. शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठांतले तज्ज्ञ येतात, लेखी आणि तोंडी दोन्ही. ज्याने तुम्हाला शिकवलं तो इथे तुमचा परीक्षक नसतो, तुमच्या बाजूचा असतो. माझ्या मते पदवीच्या पातळीवर अमेरिकेत याहून चांगलं शिक्षण क्वचितच मिळत असेल.

त्याची किंमत झोपेत मोजावी लागते. मुलं एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, नोट्स मागितल्या तर देतात. पण किती काम आहे, किती कमी झोपलो, हाच गप्पांचा विषय होतो. आधीच नखं खाणारं, नव्वदला पंचाण्णव का नाहीत म्हणून रात्रभर जागणारं मूल असेल तर मी स्वॉर्थमोरच्या बाबतीत दोनदा विचार करेन. ग्रिनेलही सोपं नाही, तिथेही ग्रंथालयाचे दिवे उशिरापर्यंत जळतात. फक्त तिथे थकवा हा मानाचा बिल्ला समजत नाहीत.

नियम, दारू, काम

आईवडील ज्याबद्दल हळू आवाजात विचारतात ते सरळ सांगतो. दारूसाठी कायद्याने वय २१, आणि पार्ट्या दोन्हीकडे होतात. फ्रॅटर्निटी, म्हणजे फक्त मुलांचे निवडक सदस्यांचे क्लब, आता कुठेच नाहीत. स्वॉर्थमोरमधल्या उरलेल्या दोन २०१९ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर बंद झाल्या. ग्रिनेलची जुनी परंपरा ‘सेल्फ-गव्ह’ची, म्हणजे डॉर्ममधले प्रश्न वॉर्डनकडे न नेता आपापसांत बोलून सोडवायचे. ती आता पूर्वीसारखी राहिली नाही, ही तक्रारही तितकीच जुनी. स्वॉर्थमोरची मुळं क्वेकर या ख्रिस्ती पंथात, १८६४ पासूनची, त्यामुळे सगळ्यांचं ऐकून घेत, सहमतीने ठरवण्याची सवय तिथे आहे. बैठका लांबतात.

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं आणि दोन्हीकडे कामं मिळतात. ग्रिनेलमध्ये मेसमध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये स्वतःची स्वतंत्र युनियन काढली, आणि २०२२ मध्ये ती कॅम्पसवरच्या इतर विद्यार्थी-कामगारांपर्यंत वाढली. पगाराची वाटाघाट करायला एकोणिसाव्या वर्षी टेबलावर बसणं, हेही एक शिक्षणच. स्वॉर्थमोरमध्ये कपडे धुणं, प्रिंटिंग, कॅम्पसवरचे कार्यक्रम हे फीतच धरलेलं असतं. ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत त्याला दर वेळी हिशेब करत मागे राहावं लागत नाही, ही व्यवस्था मला फार आवडते.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शाकाहारी माणूस दोन्हीकडे जगतो आणि दोन्हीकडे कंटाळतो. दिवाळी दोन्हीकडे दक्षिण आशियाई विद्यार्थी मिळून करतात, पण मराठी बोलणारं दुसरं कोणी असेलच असं नाही. ग्रिनेलहून देवळात जायचं तर डे मॉइनच्याही पलीकडे, मॅड्रिड नावाच्या गावाजवळ, म्हणजे गाडीवाला मित्र हवा. थंडीचा कोट मात्र आयोवाला वेगळाच लागतो. मुंबईत घेऊन पाठवू नका, तिथेच घेऊ द्या.

पदवीनंतर आणि पैसे

‘हे कॉलेज कुठलं?’ असं नातेवाईक दोन्ही नावांवर विचारणार. अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश देणाऱ्यांना दोन्ही नावं नीट माहीत आहेत. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस ग्रिनेलचे, १९४९ च्या वर्गातले. भारतात परतून नोकरी शोधायची असेल तर दोन्ही ठिकाणची पदवी समजावून सांगावी लागेल, यात फरक नाही. पदवीनंतर अमेरिकेत एक वर्ष काम करता येतं, आणि मेजर सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान यादीत असेल तर आणखी दोन वर्षं. अर्थशास्त्र त्या यादीत बसतं की नाही हे कॉलेजने त्याला दिलेल्या वर्गीकरणावर ठरतं, म्हणून दोन्हीकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करून लेखी विचारा.

आणि मदतीत वर्षाला पाच-सात हजार डॉलरचा फरक असेल तर वरची निम्मी चर्चा विसरा, स्वस्त पडेल ते घ्या. ग्रिनेल गुणवत्तेवरही शिष्यवृत्ती देतं, स्वॉर्थमोरची मदत जवळजवळ सगळी गरजेवर. दोन्ही कॉलेजांची मदतीची पत्रं शेजारी ठेवून वाचताना चार गोष्टी तपासा. आरोग्यविमा धरलाय का, विमानाचं तिकीट धरलंय का, फी वाढली की मदत वाढते का, आणि दिलेल्या रकमेत मुलाने कॅम्पसवर कमवायचे किती मोजलेत. त्यानंतर हिवाळ्याच्या लांब सुट्टीत डॉर्ममध्ये राहू देतात का आणि मेस चालू असते का, हे विचारा. ग्रिनेलच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण डिसेंबरात तिथून मावशीकडे ट्रेनने जाता येत नाही.