बादली नको, डबे घ्या : फ्रीझ ड्राइड अन्नाचा साठा, दीड वर्ष वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, कारणं मागून. फ्रीझ ड्राइड, म्हणजे गोठवून वाळवलेल्या, भाज्या आणि फळांचे सुटे डबे उत्तम. पुन्हा घेईन, घेतेच आहे. उकळतं पाणी ओतून खायची तयार जेवणं ठीक, पण मोजकीच असावीत. आणि 'एका माणसाचं महिन्याचं जेवण' असं ठळक छापलेल्या त्या मोठ्या बादल्या घेऊ नका, कितीही सवलत असली तरी.

आम्ही ह्यूस्टनजवळ शुगरलँडला राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं, आणि वर्षातले काही महिने सांगलीहून आलेल्या सासूबाई. इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी : २०१७ चं हार्वी चक्रीवादळ, २०२१ च्या फेब्रुवारीतली ती भयंकर थंडी (वीजही गेली, आणि नळाचं पाणी उकळून प्या म्हणून फर्मानही निघालं), २०२४ च्या मे महिन्यातलं वादळी वारं आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, ८ जुलैला, बेरिल. बेरिल चक्रीवादळ इथे पोचलं तेव्हा पहिल्या श्रेणीचं, कागदावर किरकोळ. तरी ह्यूस्टन भागात २२ लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या आणि काही वस्त्यांत आठवडा उलटला तरी दिवे आले नव्हते. तेही ऐन उन्हाळ्यात.

अशा वेळी पहिला घाव बसतो तो फ्रीझरवर. इथला सरकारी नियम असा की वीज गेल्यावर फ्रीजमधलं अन्न चार तास, आणि गच्च भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर त्यातलं ४८ तास. हिलक्रॉफ्टवरच्या देशी दुकानांतून आणलेले पराठे, खोवलेलं खोबरं, मटार, तोंडली, सोललेले पावटे, देशी घरातला फ्रीझर म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. बेरिलनंतर आमच्या गल्लीत प्रत्येक दारापुढे काळ्या पिशव्यांचे ढीग होते. फ्रीजवर अवलंबून नसलेली भाजी घरात हवी, एवढ्या एका विचारातून ही खरेदी सुरू झाली. जगबुडीची तयारी वगैरे माझ्या डोक्यात नव्हती, आजही नाही.

फ्रीझ ड्राइड म्हणजे नक्की काय, हे घेण्याआधी समजून घ्या, कारण बाजारात त्या नावाखाली बरंच काही खपतं. पदार्थ आधी कडक गोठवतात. मग हवा काढून घेतलेल्या बंद पेटीत ठेवून त्याला हळूहळू ऊब देतात. आत दाब इतका कमी असतो की बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. जवळपास ९८ टक्के पाणी निघून जातं, पण पदार्थ आक्रसत नाही. बर्फ होता तिथे बारीक पोकळ्या राहतात. म्हणून पाणी घातलं की तो काही मिनिटांत पुन्हा फुगतो. उन्हात किंवा गरम हवेत वाळवलेली भाजी सुरकुतते, चिवट होते आणि शिजायला वेळ घेते. वाळवणं वाईट असं नाही; जळगावचा वाळवलेला कांदा जगभर जातो आणि आमटीत तो मस्त लागतो. पण दोन्हींच्या किमतीत मोठा फरक आहे, आणि बादल्यांमध्ये बहुतेक माल साधा वाळवलेला असतो. लेबलवरचे बारीक अक्षरातले घटक वाचल्याशिवाय हे कळत नाही.

आता बादलीचा हिशोब. तुलनेसाठी एक मागवली होती, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा सगळ्याच धंद्याचा प्रकार आहे. झाकणावर लिहिलं होतं : १२० सर्व्हिंग. एका सर्व्हिंगच्या सरासरी कॅलरी २४० च्या आसपास. गुणाकार करा, २८,८०० होतात. मोठ्या माणसाला रोज २,००० धरल्या तर चौदा दिवस. महिना आला कुठून? आणि त्या १२० मध्ये संत्र्याच्या सरबताची पूड आणि दुधाची म्हणून दिलेली मठ्ठ्यासारखी पांढरी पूड हीसुद्धा 'सर्व्हिंग' म्हणून मोजलेली. उरलेल्यात शेवयांचं सूप, बटाट्याचा लगदा, गोड ओट्स. एका सूपच्या सर्व्हिंगमध्ये सोडियम ७६० मिलिग्राम, म्हणजे इथल्या दिवसभराच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. ज्या घरात रक्तदाबाची गोळी चालू आहे तिथे हे संकटकाळचं अन्न नव्हे, नवं संकट आहे.

त्याच्या शेजारी सोना मसुरीची २० पौंडांची पिशवी ठेवा. तिच्यात सुमारे ३३,००० कॅलरी आहेत, आणि किंमत बादलीच्या पाव भागाहून कमी. पांढरा तांदूळ मायलारच्या (चंदेरी, हवाबंद प्लॅस्टिकच्या) जाड पिशवीत, ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकून सील केला तर तीस वर्षं टिकतो. हे मॉर्मन चर्चवाल्यांकडून (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) शिकण्यासारखं आहे. त्यांच्यात घरात धान्याचा साठा ठेवणं हा धर्माचरणाचाच भाग, आणि त्यांच्या साठवण केंद्रांतून कुणालाही माल विकत घेता येतो. हातसडीचा तांदूळ, शेंगदाणे, कणीक यांना मात्र ही पद्धत लावू नका, त्यांतलं तेल खवट होतंच. डाळींचं म्हणाल तर वर्षानुवर्षं टिकतात, पण जुन्या डाळी आणि कडधान्यं शिजायला त्रास देतात. आपल्याकडे कुकर आहे हे नशीब.

म्हणजे पोटभरीचं काम तांदूळ, डाळ आणि तूप करतं. फ्रीझ ड्राइडचं काम वेगळं : त्या खिचडीत हिरवं काहीतरी घालण्याचं. पालकाच्या अख्ख्या मोठ्या डब्यात जेमतेम एका जेवणाइतकी ऊर्जा असते. तेव्हा डबे मोजून 'आपल्याकडे सहा महिन्यांचं अन्न आहे' असं समाधान करून घेऊ नका.

डब्यांकडे येते. मोठा डबा इथे 'नंबर टेन' म्हणून ओळखला जातो, साधारण तीन लिटरचा पत्र्याचा. न उघडता २५ ते ३० वर्षं, असं बहुतेक कंपन्या लिहितात. (माउंटन हाउस त्यांच्या जेवणांना तीस वर्षांच्या चवीची हमी देतात, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांना असलंच अन्न पुरवण्यातून ऑरेगनमधली ती कंपनी वर आली.) डबा पहिल्यांदा हातात घेतला की रिकामा पाठवला की काय अशी शंका येते, इतका तो हलका असतो.

सगळ्यांत पैसे वसूल : मका. पाच मिनिटं गरम पाण्यात, आणि दाणा ताज्यासारखा दाताखाली फुटतो. मुलं तर कोरडाच खातात. मटार दुसऱ्या क्रमांकावर. पुलावात थेट कुकरमध्ये टाका, पाणी अर्धी वाटी वाढवा. पोह्यांत मात्र कोरडे टाकू नका, ते भिजलेल्या पोह्यांतलं पाणी ओढून घेतात आणि पोहे कोरडे ठक्क होतात. आधी वेगळे भिजवायचे. पालक डाळीत उत्तम, रंगसुद्धा टिकतो. डब्याच्या तळाशी जो चुरा राहतो तो थालीपिठाच्या भाजणीत जातो.

कांद्याबद्दल जरा सविस्तर, कारण आपलं सगळं त्याच्यापासून सुरू होतं. कोरडा कांदा तेलात टाकला तर फोडणीत क्षणात करपतो आणि कडू होतो. भिजवून, घट्ट पिळून टाकला तर परततो, पण तो गोडसर तपकिरी रंग येत नाही. आमटी, पिठलं, उपमा इथपर्यंत चालतो. रश्श्याच्या वाटणाला साधा वाळवलेला कांदाच बरा, आणि स्वस्तही. कोथिंबिरीचा रंग हिरवागार, वास निम्मा. बटाट्याच्या फोडी मला आवडल्या नाहीत, आत पिठूळ राहतात. आंबा मिळतो, गोड असतो, पण हापूसची अपेक्षा ठेवू नये.

स्ट्रॉबेरी हा आमच्या घरातला वादाचा विषय. संकटासाठी ठेवलेला डबा मुलांनी टीव्हीपुढे बसून संपवला. नंतर कळलं की तिची मिक्सरमध्ये पूड करून चक्क्यात घातली तर श्रीखंडाला पाणी सुटत नाही. ताज्या फळाने हे कधीच जमत नव्हतं. तेव्हापासून तिचा डबा 'सणवार' या खात्यातून येतो. दह्याच्या फ्रीझ ड्राइड विरजणाची पाकिटंही मिळतात. गोठवून वाळवताना सगळे जीवाणू मरत नाहीत, बरेचसे नुसते झोपतात. दोन-तीन पाकिटं फ्रीजमध्ये असली की घरचं विरजण गेल्याचा शोक करावा लागत नाही.

तयार जेवणांबद्दल फार लिहीत नाही. पास्ता बरा, भात-बीन्स बरे. शाकाहारी असाल तर चित्रावर जाऊ नका, भाजीच्या सूपमध्ये कोंबडीची चरबी आणि चीजच्या पास्त्यात बीफचा अर्क निघालेला आहे. थंड पाण्यातही फुगतात, दुप्पट वेळ लागतो, पण चीजच्या गुठळ्या होतात आणि खाणाऱ्याचं तोंड वाकडं. सासूबाई प्रत्येक पाकिटात चमचाभर कांदा-लसूण मसाला घालतात आणि मग ते खाण्याजोगं होतं, हे मात्र खरं.

खरी गोम पाण्यात आहे आणि ती सासूबाईंनीच पहिल्या दिवशी पकडली. डबे जिन्याखालच्या कपाटात रचत होते, तर म्हणाल्या, "ह्याच्यात पाणी घालायचंय होय? मग पाणी कुठनं आणणारेस?" सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा त्या तिथेच होत्या. "चारीकडं पाणी गं, आणि प्यायला टिपूस नव्हता. चुरमुरे नि शेंगदाण्यावर काढले दिवस. त्याला काय भिजवायला लागत न्हाई." यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. इथली शिफारस माणशी रोज एक गॅलन. पाच माणसांना दोन आठवड्यांचे सत्तर गॅलन, म्हणजे २६५ लिटर होतात. तेवढं ठेवायला जागा नाही, म्हणून आम्ही सात गॅलनचे पाच निळे कॅन भरून ठेवतो आणि वादळाची सूचना आली की टब भरतो, तो फक्त बाथरूमसाठी. आणि हो, डब्यांच्या शेजारी आता भडंगाचे दोन डबे आहेत.

पश्चिम टेक्सासमधल्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात कॅम्पिंगला गेलो तेव्हाही तेच दिसलं. वाळवंटात पाणी बरोबर न्यावं लागतं, तेव्हा अन्न हलकं असल्याचा फायदा पाण्याच्या वजनात जातो. ज्या डोंगरात झरे आहेत तिथे हे अन्न राजा.

इंधनाचंही तसंच. आमची शेगडी गॅसची आहे, काडी लावून पेटते. ज्यांच्याकडे विजेची आहे त्यांनी कॅम्पिंगचा छोटा स्टोव्ह ठेवावा, पण तो बाहेर पॅटिओवर पेटवायचा. २०२१ च्या थंडीत घरात कोळसा, जनरेटर लावून कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली आहेत या शहरात.

साठवणीबद्दल. ह्यूस्टनमध्ये तळघरं नसतात, म्हणून लोक गॅरेज नाहीतर माळ्यावर ठेवतात. तिथे उन्हाळ्यात शंभर फॅरनहाइटच्या वर पारा जातो, आणि पंचवीस-तीस वर्षांचा तो दावा थंड, कोरड्या जागेसाठी आहे. घरातल्या एसीतच ठेवा, पलंगाखाली, कपाटात, कुठेही. दुसरा शत्रू इथली दमट हवा. डबा उघडून झाकण लावून ठेवला तर स्ट्रॉबेरी तासाभरात कुरकुरीतची चिवट होते. मी डबा उघडला की लगेच काचेच्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरते, प्रत्येकीत ऑक्सिजन शोषणारी नवी पुडी. असा मका चार महिने छान राहिला. ही पुडी म्हणजे लोखंडाची पूड असते, हवेतला ऑक्सिजन खाते. ओलसर पदार्थात ती कधीही टाकू नका, बिनहवेच्या ओलाव्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या साठ्याची खरी परीक्षा अजून झालेली नाही. २०२५ च्या जानेवारीत ह्यूस्टनला बर्फ पडलं, दुकानं बंद होती, तेव्हा आम्ही ठरवून फ्रीज न उघडता जेवलो : मटार-मक्याची खिचडी, पालकाचं वरण, तूप, मेतकूट. कुणाला वेगळं काही खातोय असं वाटलं नाही. त्या वर्षी एकही चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्याला धडकलं नाही. त्यामुळे माझं बहुतेक मत रोजच्या स्वयंपाकातून बनलेलं आहे.

घरी फ्रीझ ड्रायर घ्यावा का, हे मला मंडळात तीन जणांनी विचारलं. हजारो डॉलरचं यंत्र, एका खेपेला दिवस-दीड दिवस चालतं आणि वीज खातं. मोठी परसबाग असेल किंवा चार घरांनी मिळून घेतलं तर विचार करा. आम्ही नाही घेतलं.

भावाचं म्हणाल तर सप्टेंबरमध्ये, इथल्या आपत्ती-तयारीच्या महिन्यात, आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी भाव बऱ्यापैकी उतरतात. एकदम ढीग न घेता प्रत्येकाचा आधी छोटा पाउच चाखा. आमच्या पुढच्या यादीत मका दोन, मटार दोन, पालक एक. बटाटा नाही.