तरुण स्पॅनिअल आणि ॲक्मे २१०.५ शिटी : दिवाळी ते मे, वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर कुत्र्याला दुरून खूण देण्याची ही शिटी घेतली, आता मे अर्धा सरलाय. आमचा चिकू कॉकर स्पॅनिअल आहे. तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. नाक एकदा जमिनीला लागलं की हाक, नाव, बिस्कीट, काहीच त्याच्या कानापर्यंत पोचत नसे.

घरात असा तरुण स्पॅनिअल असेल तर माझं ठाम मत ऐका : ‘ये’च्याही आधी ‘थांब’ पक्कं करा. कुत्रा वास घेत आमच्या नागपूरच्या काटोल रोडच्या पलीकडे गेला आणि तुम्ही त्याला बोलावलंत, तर तो ट्रकांच्या मधून तुमच्याकडे धावेल. आहे तिथेच बसला तर वाचेल.

या जातीचं कामच तसं आहे. इंग्लंडमध्ये स्पॅनिअल बंदुकीच्या टप्प्यात, शिकाऱ्यापुढे साधारण २०-३० मीटरमध्ये झुडपं धुंडाळतो आणि पक्षी उडाला की बसतो. उडालेल्या पक्ष्यामागे धावणारा कुत्रा गोळीच्या वाटेत येऊ शकतो, म्हणून हे बसणं तिथे फार महत्त्वाचं मानतात. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि परवान्यावरच्या शिकारीची उरलेली वाट १९९१च्या दुरुस्तीने संपली. ते योग्यच झालं. पण चिकूच्या रक्तातलं काम कायद्याने जात नाही. त्याला ते मोकळेपणी करू द्यायचं आणि पक्ष्यांना त्रासही होऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आधी बाजारातून स्क्रूवाली ‘सायलेंट’ शिटी आणली होती. स्क्रू हलला की सूर बदलायचा, आणि आपल्याला ती धड ऐकूच येत नसल्याने काय वाजलं तेही कळत नसे. २१०.५ प्लास्टिकची आहे, आत आवाज थरथरवणारा फिरता दाणा नाही, त्यामुळे आवाज सरळ आणि सलग येतो. व्हरायटी चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाची थरथरणारी शिटी चिकू वेगळी ओळखतो. याच नंबरची दुसरी घेतली तरी सूर तोच मिळतो, म्हणून एक स्कूटीच्या डिकीत कायम असते. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे शिटीत आपला राग उतरत नाही. मी घाबरलेलो असो की चिडलेलो, चिकूला ऐकू येतं ते तेच.

खुणा ठरलेल्या : एक लांब फुंकर म्हणजे बस, तीन-चार छोट्या म्हणजे ये. सुरुवात जेवणाच्या ताटलीपासून केली. हात वर, लांब शिटी, बसला की ताटली खाली. मग गच्चीवर चालता चालता, मग लांब दोरीवर, मग चेंडू फेकल्यावर. चेंडूवर थांबत नाही तोवर पक्ष्याजवळ न्यायचंच नाही. घाई केली की शिटीची किंमत जाते.

नाही थांबला तर पुन्हा फुंकू नका. चालत जा, शांतपणे पट्टा धरा, शिटी वाजली तेव्हा तो जिथे होता तिथे परत आणा आणि बसवा. हे कंटाळवाणं आहे, पण खरं शिक्षण इथेच होतं. थांबल्यावर दर वेळी जवळ बोलावणंही टाळा, नाहीतर शिटी ऐकून तो अर्धवट बसत तुमच्याकडे सरकू लागतो. मी बहुतेक वेळा ‘शोध’ म्हणून पुन्हा कामाला सोडतो. स्पॅनिअलला याहून मोठं बक्षीस नाही.

काटोलजवळ मामाच्या संत्र्याच्या बागेत तितर भुर्रकन उडाला आणि चिकू मधेच, शेपटी हलवत, बसला. मामा म्हणाले, “बसला न बाप्पा!” मला बोलताच येईना. उन्हाळ्यात तर याचं मोल आणखी वाढतं. टिटवी उघड्या जमिनीवर, चार खड्यांत अंडी घालते. ती ओरडू लागली की मी लांब शिटी देतो, पट्टा लावतो आणि दुसरीकडे वळतो.

कुत्र्याच्या कानाशी वाजवू नका, आवाज चांगलाच तीक्ष्ण आहे. आणि मेमध्ये नागपुरात पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा सराव उजाडतानाच, थोडाच.

आता हाताची खूण हळूहळू काढून टाकतोय. पावसाळ्यात गवत वाढलं की त्याला माझा हात दिसणार नाही, फक्त शिटीवर थांबावं लागेल. जुलैत बागेत ते जमतंय का पाहतो, मग त्याबद्दलही लिहीन.