चिकन खिमा सँडविच: जूनपासून आठवड्याच्या मधल्या रात्री करतेय, त्याचा अनुभव

निकाल आधीच सांगते. पदार्थ घरात टिकला. पण ज्या रूपात आला त्या रूपात नाही. स्लाइस ब्रेड गेला, टोमॅटो सॉस गेला, डब्यातली क्रीमही गेली. राहिला तो झणझणीत खिमा, भाजलेला पाव आणि मलईदारपणा. तो मलईदारपणा कशातून आणायचा, यावर माझा अख्खा पावसाळा गेला.

सुरुवात झाली ती मासळीमुळे. आम्ही रत्नागिरीकर, मिरकरवाड्याच्या मासळी बंदराच्या जिवावर जेवणारे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. त्या दिवसांत बाजारात दिसते ती बर्फातली नाहीतर खाडीची, आणि खाडीच्या मासळीचा भाव भर पावसात विचारूच नये. मग बुधवार-शुक्रवारी कोंबडी येते. पण आमच्याकडे कोंबडी म्हणजे वाटप आलं. कांदा-खोबरं भाजा, वाटा, वर नारळाचा रस, जोडीला वडे किंवा भाकरी. संध्याकाळी कामावरून येऊन हे कोण करत बसणार? ते रविवारीच शोभतं.

मूळ पदार्थ अमेरिकेतला. तिकडे सुट्या खिम्याचं सँडविच करतात, त्याला 'स्लॉपी जो' म्हणतात. गोडसर टोमॅटो सॉसमध्ये शिजवलेला खिमा गोल बनमध्ये भरायचा आणि सांडत सांडत खायचा. बहुतेक वेळा बीफचा. कोंबडीचा खिमा, तिखट सॉस आणि क्रीम चीज घातलेला प्रकार हा त्याचाच नातेवाईक. मी तो आधी जसाच्या तसा केला. मुलांनी खाल्ला, आम्हा मोठ्यांना मात्र तो आंबट-गोड मामला काही रुचला नाही.

आता खिम्याचं बोलू. छातीच्या मांसाचा खिमा घेऊ नका. त्यात चरबी फारशी नसते, शिजला की भुसा. मांडीचं बोनलेस, कातडी काढून, हे दुकानात स्पष्ट सांगावं लागतं. मी एका दुकानातून मशीनवर काढलेला खिमा आणायचे, पण दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ते यंत्र कुणी धूत नाही हे पाहिलं आणि सोडून दिलं. आता बोनलेस तुकडे आणते, वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवते आणि मिक्सरला थांबत थांबत फिरवते. मांस अर्धवट कडक असलं की पातं ते कापतं. नरम असलं की चिकट लगदा होतो. आणखी एक. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरवर असतात, खिमा केला की ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून आणला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी शिजवायचा, आणि पुरता शिजवायचा. कोंबडीच्या खिम्याला आतून ७४ अंश सेल्सिअस लागतात.

थर्मामीटर कोण लावतंय, म्हणून मी कानाने ठरवते. पसरट लोखंडी कढई चांगली तापवून अर्धा किलो खिमा पसरते आणि एक-दोन मिनिटं हातच लावत नाही. मग पावभाजीच्या मॅशरने गाठी फोडायच्या. आधी पाणी सुटतं, खिमा रटरटायला लागतो, रंग पांढुरका, वास जरा नकोसा. बरेच जण इथेच मसाला घालून मोकळे होतात. थांबायचं. पाणी आटत आटत येतं, रटरट संपते आणि चरचर सुरू होते. खिमा आता स्वतःच्याच चरबीत परततोय. कडा तांबूस झाल्या की मगच मसाला. आधी घातला तर रंगावरून काही कळत नाही आणि चवही उकडल्यासारखी येते.

मसाला मालवणीच. माझं माहेर मालवण, एप्रिल-मे महिन्यात आई करते त्यातली एक बरणी माझी. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, बाकी खडा मसाला. अर्धा किलोला दोन चमचे, आधीच परतून ठेवलेले दोन मोठे कांदे आणि आलं-लसूण. टोमॅटो सॉसच्या जागी एक चमचा आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आगळात मीठ असतं, तेव्हा वरून घालताना हात आखडता.

आणि मलई. टेट्रापॅकमधली क्रीम न उघडता बाहेर टिकते, वीज गेली तरी चिंता नाही, हा तिचा खरा गुण. पण चवीला मिळमिळीत, मालवणी मसाल्याची सगळी धार बोथट करून टाकते. आणि उघडलेला पॅक चार दिवसांत संपवायचा म्हणून नको त्या भाजीत क्रीम पडते. मेयॉनेज गरम खिम्यात पडलं की तेल सोडतं. चीज स्प्रेड मुलांना आवडतं, मला खारट लागतं.

नारळाच्या दाट रसाकडून माझ्या फार अपेक्षा होत्या. कोकणातली बाई, दुसरं काय सुचणार? कालवणात तो राजा आहे, पावात नाही. थोडा घातला तर जाणवत नाही, जास्त घातला तर पाव भिजून बसतो. उकळी लागली की फुटतो, आगळाने तर हमखास फुटतो. आणि उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं की खोबऱ्याची चरबी २४ अंशांच्या आसपास गोठते, तिचे पांढरे कण खिम्याभर. सासूबाई अजून नारळाच्याच बाजूने आहेत, त्यांच्या घासापुरता मी वेगळा करून देते.

जिंकला तो चक्का. सकाळी निघताना अर्धा किलो दही फडक्यात बांधून चाळणीवर ठेवायचं, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये. पावसाळ्यातल्या दमट हवेत ओट्यावर टांगू नका, संध्याकाळपर्यंत आंबून जातं. रात्री त्यातला पाऊण वाटी चक्का, दोन चमचे लोणी आणि चिमूटभर मिरपूड एकत्र फेटायची. गॅस बंद केल्यावर दोन मिनिटांनी खिम्यात मिसळायची. उकळत्या खिम्यात घातलं तर दह्यातली प्रथिनं गोळा होतात आणि पाणी वेगळं होतं. गॅस बंद करून घातलं तर खिम्याच्या कणाकणाला चिकटून बसतं, ओघळत नाही. आंबटपणा चक्क्यातून येतो म्हणून आगळ निम्म्यावर आणा. तिखट लगेच लागत नाही, घास गिळल्यावर मागून येतं. मला हेच हवं होतं.

पावाबद्दल माझं मत ठाम आहे. स्लाइस ब्रेडमध्ये हा खिमा राहत नाही. गॅसवरच्या हातातल्या टोस्टरमध्ये दाबला तर कडांनी बाहेर येऊन ॲल्युमिनियमवर जळतो आणि घासत बसावं लागतं. विजेच्या सँडविच मेकरचं नावच काढू नका. वाऱ्या-पावसात नेमकी जेवणाच्या वेळी वीज जाते आणि भरलेली सँडविचेस आत अर्धी गरम राहतात. बेकरीचा लादीपाव, संध्याकाळी भट्टीतून निघालेला, सगळ्यांत बरा. आडवा कापायचा पण एक कड जोडलेली ठेवायची, आतल्या बाजूला लोणी लावून तव्यावर उपडा दाबायचा. त्या भाजलेल्या कवचामुळे खिम्याचा ओलावा आत झिरपायला वेळ लागतो, तेवढ्यात खाऊन होतं. जुलैत पाव दुसऱ्या दिवशी बुरशी धरतो, तेव्हा साठवणीचा विचार सोडा. चौघांना आठ पाव पुरतात. मुलगा तीन खातो, म्हणून माझ्या वाट्याला कधीकधी एकच.

वर काय घालायचं? पातळ चिरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर, बस. लेट्यूसचा खटाटोप आमच्याकडे कुणाला परवडणारा नाही, आणि गरम खिम्यावर ते मिनिटभरात लोळतं.

मालवणहून आई आली होती तेव्हा ताटात हे बघून म्हणाली, "रात्री पाव कोण खाता गो?" दोन खाल्ले. नंतर भात आहे का विचारलं, आणि होता म्हणून बरं. घरात असं कुणी असेल तर थोडा भात आणि सोलकढी करून ठेवाच. हे सँडविच भातखाऊ माणसाचं पोट भरतं, समाधान करत नाही.

वेळेचा हिशेब: खिमा तयार असेल तर अर्धा तास, मिक्सरपासून सुरू केलं तर पाऊण. "पंधरा मिनिटांत जेवण" वगैरे कुणी सांगितलं तर त्याने पाणी आटू दिलेलं नाही एवढंच समजायचं. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार बाद, श्रावण ते गणपती पूर्ण बंद. बंदी उठून बांगडा स्वस्त झाल्यावर हा पदार्थ मागे पडेल असं वाटलं होतं, पण मासळी साफ करायचा कंटाळा आलेल्या शुक्रवारी अजून होतोच.

उरलं तर काय? चक्का घातलेला खिमा दुसऱ्या दिवशी गरम केला की फुटतो, दिसायला आणि चवीला दोन्ही वाईट. म्हणून मिसळण्याआधीच दोन डाव कोरडा खिमा डब्यात काढून फ्रिजमध्ये टाकते. सकाळी कढईत वाफ येईपर्यंत परतायचा आणि घावनात गुंडाळून डब्याला द्यायचा. त्याला मलईची गरज पडत नाही.