गृहज्योती दोन वर्षं वापरून झाल्यावर: ५ युनिटांपायी पूर्ण बिल

गृहज्योती म्हणजे कर्नाटक सरकारची घराला २०० युनिटांपर्यंत फुकट विजेची योजना, आता सरळ बिलावर येते. आम्ही बेळगावजवळच्या खेड्यात राहतो, मी घरात ब्लाऊज शिवते. ऑगस्ट २०२३ ला पहिलं शून्य बिल आलं तेव्हा सासूबाईंनी ते देवापुढं ठेवलं होतं. तेव्हा मी पाचपैकी पाच दिले असते.

मे २०२५ ला लग्नसराई, मशीनची मोटर रात्री अकरापर्यंत चालू, वर पाण्याची मोटर आणि दोन फॅन. युनिट पडले २०४ आणि बिल पंधराशेच्या वर. बिल कन्नडात, मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, मुलीनं वाचून दाखवलं. बिल चुकलंय म्हणून वीज ऑफिसात भांडायलाच गेले. तिथं कळलं की २०२२-२३ मधल्या महिन्याच्या वापराची सरासरी अधिक १० टक्के एवढंच फुकट, आमची सरासरी १६५ म्हणजे १८१. त्याच्या वर २०० पर्यंत फक्त जादा युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडले की सगळ्याच युनिटांचे. म्हणजे बिल बरोबर होतं, समज माझाच चुकीचा. तिथं राग अर्धा उतरला, पण नियमावरचा अजून तसाच आहे. १९९ पडले असते तर १८ युनिटांचे पैसे भरले असते, ५ जास्त पडले म्हणून २०४ चे भरले, सहा ब्लाऊजची शिलाई गेली त्यात. आणि हे बिलावर मराठीत दोन ओळी छापलं असतं तर मी मशीन दोन दिवस बंद ठेवली असती.

बायकांना फुकट बसच्या शक्ती योजनेबद्दल तक्रार नाही. अस्तर, दोरा, हुक आणायला आठवड्यातून दोनदा खडेबाजारला जाते, गर्दीत उभं राहून का होईना पण एक रुपया लागत नाही. मात्र जानेवारी २०२५ ला बसभाडं १५ टक्के वाढलं ते नवऱ्याच्या खिशातून जातंय, एप्रिलला दूध लिटरमागं ४ रुपयांनी वाढलं. गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या कर्त्या बाईला महिन्याचे २००० येतात पण कधी येतील सांगता येत नाही, त्यामुळं भिशी त्याच्यावर धरता येत नाही. बहीण महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात दिलीय, तिला अर्धं तिकीट आणि लाडकी बहीणचे १५००. माहेरी भेटलो की आधी हाच हिशोब होतो.

सासरे जन्मभर महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देत आलेत. मी २०२३ च्या विधानसभेला फुकट करंट आणि बसचं आश्वासन बघून काँग्रेसला दिलं, घरात बोलणी खाल्ली. बायका फुकट बसला भुलल्या असं कोण म्हणालं की मला फार लागतं. योजना दोन्हीकडं सारख्याच चालू होत्या, तरी २०२४ च्या लोकसभेला बेळगावात भाजपचे शेट्टर आले आणि चिक्कोडीत काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी. काय मिळालं, काय महागलं, कोण आपल्या भाषेत बोलतंय, सगळं बघूनच आम्ही बटण दाबतो.

पुढच्या वेळी दारात जो येईल त्याला मी एकच विचारणार, २०० च्या वर गेल्यावर फक्त वरच्या युनिटांचे पैसे घेणार काय? तोपर्यंत रोज रात्री मीटर बघून आकडा कॅलेंडरवर लिहायलेय. या महिन्यात २२ तारखेपर्यंत १४१ झालेत.