टर्बोचा क्लॅम्प निघंना: तेल मारू की कापू?
निपाणीच्या एका भावाचा ट्रक उभाय, टर्बोचा व्ही-बँड क्लॅम्प, म्हणजे टर्बोचा जोड आवळून धरणारी नट-बोल्टची गोल पट्टी, गंजून धरलाय. बघ भावा, गंज सोडवायच्या तेलाला खर्च काय नाही पण वेळ खातंय, रात्री गार इंजिनवर मारून ठेवायचं, सकाळी नट हळू मागं-पुढं करायचा, आणि नट सुटला तरी पट्टी खोबणीत चिकटलेलीच असती, तिला गोल फिरून हातोडीनं हलकं ठोकायचं, टर्बोच्या बिडाला पहार लावायची नाही. ग्राइंडरनं पाच मिनिटांत खेळ खल्लास, पण नवा क्लॅम्प आधी हातात पाहिजे. कापायचा तो बोल्टच, फ्लँजला, म्हणजे पट्टीखालच्या जोडाच्या कडेला, चर पडला तर धूर गळतोय. ठिणग्यांनी माझी एक होज जळलीय की, डिझेल पाइप आधी झाक. नटाचे कोपरे शाबूत आणि गाडी रात्रभर उभी असेल तर तेल. कोपरे गोल झालेत, पट्टीला तडा गेलाय, तर सरळ काप.