डीजेआय मिनी २ : शहरात रेंज नक्की किती मिळते?

खोक्यावर १० किलोमीटर लिहिलंय आणि सांगलीत विश्रामबागेत, सोसायटीच्या गेटपाशी उभं राहून उडवला की सहा-सातशे मीटरच्या आतच चित्र अडखळायला लागतं. मिनी २ नवीन हातात आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हेच गाऱ्हाणं घेऊन येतो. ड्रोन बिघडलाय का? रिमोटमध्ये काही आहे का? जुना घेतला म्हणून फसलो का? बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. गेले कित्येक महिने मी हा ड्रोन जवळपास फक्त शहरातच उडवतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय: शहरातली रेंज तुम्ही कुठं उभे आहात यावर ठरते, ड्रोनचा नंबर त्यानंतर येतो.

आधी मशिनबद्दल थोडक्यात. वजन २४९ ग्रॅम, म्हणजे आपल्या २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे 'नॅनो', सगळ्यात हलका वर्ग. रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण नोंदणी आणि झोनचे, म्हणजे कुठं उडवता येतं याचे, नियम नॅनोलाही आहेतच. तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. माझा त्याआधी बिलासकट आलेला, ओळखीच्या एका फोटोग्राफरकडून घेतलेला. कॅमेऱ्याबद्दल इथं लिहीत नाही, त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय.

आता ते १० किलोमीटर. हा आकडा मोकळ्या जागेचा, आसपास दुसरा कुठलाही रेडिओ नसतानाचा, आणि अमेरिकी मानकाप्रमाणे पूर्ण ताकद सोडल्यावरचा. युरोपी मानकात त्याच ड्रोनला कंपनीच ६ किलोमीटर सांगते. फरक कशाचा? ड्रोन २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ-पट्ट्यांत बोलतो. अमेरिकी मर्यादेत तो दोन्ही पट्ट्यांत २६ डीबीएमपर्यंत (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) जातो, म्हणजे साधारण ४०० मिलिवॉट. युरोपी मर्यादेत २.४ गिगाहर्ट्झला २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॉट, आणि ५.८ ला फक्त १४ डीबीएम, म्हणजे २५ मिलिवॉट. १०० मिलिवॉट ही साधारण घरातल्या वायफाय राउटरची ताकद. आणि शहरात प्रत्येक फ्लॅटमध्ये एक राउटर आहे. भर बाजारात पलीकडच्या दुकानातल्या माणसाशी बोलायचं, तसं हे काम आहे. तुमचा आवाज ठीक असतो, पण बाजार थांबत नाही.

हा गोंगाट नेमका कुठून येतो हे कळल्यावर माझ्या अर्ध्या अडचणी सुटल्या. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जेमतेम ८३ मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि त्यात वायफायची एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यात ब्लूटूथ आहे, वायरलेस सीसीटीव्ही आहेत, मायक्रोवेव्ह ओव्हन आहेत. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट म्हणजे जिओ आणि एअरटेल ४जीसाठी २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. तो २४०० ला संपतो आणि तिथंच ड्रोनचा पट्टा सुरू होतो. मधे कुंपण असं काही नाहीच. त्यामुळे मोबाइल टॉवर असलेल्या गच्चीच्या शेजारच्या गच्चीवरून उडवणं म्हणजे स्वतःहून आगीत उडी घेणं आहे. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या पाठीमागं उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटांवर असे टॉवर बघून ठेवा, मग जागा निवडा.

मग ५.८ वर जावं? तिथं जागा जास्त आहे, पण तीही रिकामी नाही. हल्लीचे फायबरचे राउटर दोन्ही पट्ट्यांत बोलतात. शिवाय गच्च्यांवर, टाकीच्या कठड्यावर ज्या छोट्या पांढऱ्या तबकड्या दिसतात त्या स्थानिक इंटरनेटवाल्यांच्या असतात, एका इमारतीवरून दुसरीकडे नेट नेण्यासाठी, आणि त्यातल्या बऱ्याचशा ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतात. तबकडीच्या तोंडासमोर उभं राहू नका, एवढं साधं आहे. दुसरा मुद्दा भौतिकशास्त्राचा: तेवढ्याच अंतरावर ५.८ चा सिग्नल २.४ पेक्षा साधारण साडेसात डेसिबलने कमी पोचतो. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात, हे लक्षात घेतलं तर ५.८ ची पोच २.४ च्या निम्म्याहून कमी निघते. झाडाची पानं, भिंत, ओली गच्ची, सगळ्यातून ते लवकर मरतं. माझा अनुभव असा की जवळच्या उड्डाणाला, समोर काही आडवं नसताना, ५.८ वर चित्र जास्त स्वच्छ आणि स्थिर राहतं. झाडी किंवा थोडा आडोसा आला की २.४ तग धरतं.

ड्रोनच्या फोनवरच्या ॲपमध्ये ट्रान्समिशनच्या पानावर पट्टा आणि चॅनल दोन्ही स्वतः निवडता येतात, आणि खाली गोंगाटाचा आलेखही दिसतो. बहुतेक जण हे पान उघडतच नाहीत. माझी पद्धत अशी: एरवी ऑटोवरच ठेवतो, कारण ड्रोन स्वतःहून पट्टे बदलतो आणि ते काम तो माझ्यापेक्षा चपळाईनं करतो. पण विश्रामबागेसारख्या दाट भागात ड्रोन जमिनीवर असतानाच आलेख बघतो. एक पट्टा अगदीच गच्च भरलेला दिसला तर दुसरा कायम करून टाकतो. हाताने निवडायचं तर एक धोका लक्षात घ्या. जमिनीवर तुमच्यापाशी मोकळं दिसणारं चॅनल वर ड्रोनपाशी मोकळं असेलच असं नाही. साठ मीटरवर गेलेला ड्रोन अख्ख्या कॉलनीचे राउटर एकदम 'ऐकतो', तुम्हाला मात्र खाली आजूबाजूचे चार-पाचच ऐकू येतात.

हे सगळं एका बाजूला, आणि आडोसा एका बाजूला. इथं मात्र मी थांबून लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त रेंज इथंच मिळते किंवा जाते.

समजा तुम्ही रस्त्यावर उभे आहात आणि शंभर मीटरवर २५ मीटर उंचीची, म्हणजे सात-आठ मजली इमारत आहे. ड्रोन त्या इमारतीच्या पलीकडे, तुमच्यापासून तीनशे मीटरवर न्यायचाय. रिमोटपासून ड्रोनपर्यंतची सरळ रेघ इमारतीच्या माथ्यावरून जायची तर ड्रोन सत्तर मीटरच्या वर हवा. आता तुम्ही चौथ्या-पाचव्या मजल्याच्या गच्चीवर गेलात, जमिनीपासून १५ मीटरवर. तोच ड्रोन बेचाळीस-पंचेचाळीस मीटरवरही तुम्हाला दिसतो. पायऱ्या चढायची तेवढी मेहनत, आणि तीस मीटर उंची फुकट मिळाली. कुठलाही बूस्टर एवढं देत नाही.

त्यातही रेघ नुसती इमारतीला चाटून गेली तर पुरत नाही. रेडिओलहरींना त्या रेघेभोवती थोडी मोकळी जागा लागते. २.४ गिगाहर्ट्झला पाचशे मीटरच्या अंतरात मध्यावर साधारण चार मीटर, ५.८ ला अडीच मीटर. म्हणून डोळ्याला ड्रोन दिसतोय आणि तरी चित्र फाटतंय असं होतं. मधल्या इमारतीच्या टाकीला किंवा पत्र्याच्या शेडला ती रेघ घासत असते. पाच-सात मीटर वर घ्या, चित्र परत येतं. पत्र्याची शेड ही आपल्या गच्च्यांची खासियत आहे. सिग्नलच्या दृष्टीने ती धातूची भिंतच. तुमच्या स्वतःच्या गच्चीवरची शेड, सोलर हीटर, जिन्याची खोली, यांच्या मागं उभं न राहता ज्या दिशेला ड्रोन जायचाय त्या बाजूच्या कठड्यापाशी उभं राहा. ड्रोन दुसऱ्या बाजूला न्यायचा झाला तर तुम्हीही चालत त्या कठड्याला जा. हे फार कमी लोक करतात, खुर्ची टाकून बसतात.

गच्चीचा एक त्रास आहे. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे होकायंत्र बिनसतं आणि ॲप कंपासची तक्रार करतं. त्याचा सिग्नलशी संबंध नाही, पण लोक दोन्हीची गल्लत करतात. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून त्यावरून उडवला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. त्यावर उतरवायला मात्र हात बसावा लागतो.

आता रिमोट. मिनी २ च्या रिमोटला बाहेर दिसणारे अँटेना नाहीत. फोन धरणारा जो भाग वर ओढून घेतो त्यातच ते आहेत. अँटेना टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी आणि सपाट बाजूला सगळ्यात जास्त सिग्नल फेकतो. म्हणून तो भाग ड्रोनकडे भाल्यासारखा रोखू नका, त्याची सपाट बाजू ड्रोनकडे राहू द्या. ड्रोन अगदी डोक्यावर असेल तर सिग्नल अनपेक्षितपणे पडतो, कारण तेव्हा नेमकं टोक त्याच्याकडे असतं. रिमोट आडवा करा किंवा ड्रोन थोडा पुढे घ्या. आणि वळून पाठमोरे होऊ नका. माणसाच्या अंगात पाणीच पाणी, २.४ गिगाहर्ट्झ त्यात छान मुरतं. फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद, पाठीवर चुंबकाची रिंग किंवा धातूचं कव्हर असेल तर काढून ठेवायचं. एवढं केल्यावर माझ्याकडं फरक स्पष्ट दिसला, विशेषतः कव्हर काढल्यावर.

मोकळ्या जागेचा विषय निघाला की कृष्णाकाठाला तोड नाही. आयर्विन पुलाच्या वरच्या अंगाला, सांगलीवाडीच्या बाजूनं नदीवर उडवला की तोच ड्रोन, तोच फोन, तीच बॅटरी, आणि सिग्नलचे दांडे हलतसुद्धा नाहीत. ड्रोन ठिपका होऊन दिसेनासा होतो तरी चित्र जसंच्या तसं. तिथं लक्षात येतं की या एवढ्याशा ड्रोनला डोळे चारशे-पाचशे मीटरनंतर शोधूच शकत नाहीत. आणि तो नजरेच्या टप्प्यात ठेवायचा, ग्रीन झोनमध्ये (वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात) ४०० फुटांच्या आत ठेवायचा, हे मान्य केलं तर शहरात मला १० किलोमीटर नकोच आहेत. मला स्वच्छ, न तुटणारे ५०० मीटर हवेत. ते मिनी २ देतो, जागा बरोबर असेल तर.

पावसाळ्यात हरिपूरच्या बाजूला संगमाजवळची झाडी भरली की तिथली रेंज उन्हाळ्यापेक्षा कमी मिळते. ओली पानं सिग्नल खातात. पाऊस पडत असताना उडवायचा नाहीच, त्याला पाण्यापासून कसलंही संरक्षण नाही. घारींचं मात्र बारमाही आहे. घार भोवती फिरायला लागली की मी सरळ वर घेतो आणि परत आणतो, रेंज गेली खड्ड्यात.

सिग्नल तुटला तर काय, हे उडवायच्या आधी ठरवून ठेवा. चित्र आधी जातं, कंट्रोल त्यानंतरही बराच वेळ टिकतो, त्यामुळे पडदा गोठला म्हणून रिमोटच्या काड्या सैरभैर फिरवू नका. सोडून द्या, थोडं वर घ्या, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. खरंच संपर्क तुटला तर काही सेकंदांनी ड्रोन स्वतःहून परत निघतो: ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत येतो. मिनी २ ला पुढं बघणारे सेन्सर नाहीत. वाटेत इमारत आली तर तो तिच्यात जाणार. म्हणून परतीची उंची त्या भागातल्या सगळ्यात उंच इमारतीपेक्षा, तिच्यावरच्या टॉवरसकट, जास्त हवी. गॅलरीखाली, स्लॅबच्या आत ड्रोन असताना परतीचा पर्याय म्हणजे थेट डोक्यावरच्या स्लॅबला धडक. तसं शूट करायचं असेल तर ॲपमध्ये तेवढ्यापुरतं 'होव्हर', म्हणजे जागेवरच तरंगत राहणं, निवडा.

लोकांचंही सांगितलं पाहिजे. २०२४ मध्ये राज्यात बऱ्याच ठिकाणी रात्री चोरांचे ड्रोन फिरतात अशी अफवा उठली होती, तेव्हापासून गच्चीवर रिमोट घेतलेला माणूस दिसला की शंका येतेच. सोसायटीच्या अध्यक्षांना आधी सांगून ठेवतो, खिडक्यांच्या उंचीवर रेंगाळत नाही. उत्सव, मोठ्या नेत्याचा दौरा असला की मनाईचे आदेश निघतात, ते आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा झोनचा नकाशा दोन्ही बघतो. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना विमानतळ आणि लष्करी भागामुळे हे फारच जड जातं, त्यांना रेंजची चिंता करायची वेळच येत नाही.

रिमोटवर बसवायचे तांब्याच्या रंगाचे परावर्तक ऑनलाइन मिळतात. समोरच्या दिशेला थोडा फायदा होतो हे खरं, पण तो बाकीच्या दिशांतून काढून घेतलेला असतो, आणि इमारतीतून आरपार जायला त्याचा काही उपयोग नाही. ताकद वाढवणाऱ्या ॲपच्या वाटेला तर मी गेलोच नाही. ताकद वाढवून तुमचा आवाज वाढतो, शेजारच्या शंभर राउटरांचा कमी होत नाही.

नवीन मॉडेलने प्रश्न सुटेल का, असं विचारतात. मिनी ४ प्रो ला कंपनी मोकळ्यात २० किलोमीटर सांगते. पण तिच्याच तक्त्यात शहरी भागासाठी दीड ते चार किलोमीटर आणि इमारतींचा आडोसा असेल तर शून्य ते अर्धा किलोमीटर असं लिहिलंय. तो शेवटचा आकडा वाचला तर गच्चीवर चढण्याला पर्याय नाही हे कळतं. समोरचा अडथळा ओळखणारे सेन्सर हा त्याचा खरा फायदा, रेंज नव्हे.

आणि मिनी २ जुनाच घेणार असाल तर एक तपासणी जरूर करा. याचे अँटेना पुढच्या दोन हातांच्या पायांत असतात. कुठं आपटून पुढचा हात बदललेला असेल आणि आतली तार नीट बसवलेली नसेल तर बाहेरून काही कळत नाही, ड्रोन उडतोही झकास. घेण्याआधी मोकळ्या मैदानात तीनशे मीटरवर नेऊन त्याला जागेवर गोल फिरवा. एका बाजूला तोंड केल्यावरच सिग्नल पडत असेल तर तो घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.