‘सागरा, प्राण तळमळला’: ध्वनिमुद्रण ऐकताना संहिता जवळ हवीच

हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेले आणि मंगेशकर भावंडांनी गायलेले ‘सागरा, प्राण तळमळला’ मराठी घरांत इतके रुळले आहे, की त्यातील कवितेच्या बांधणीकडे लक्ष द्यायचे राहूनच जाते. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या या कवितेत समुद्राने पाठीवरून परदेशी नेण्याचे आणि परत आणून सोडण्याचे वचन दिले होते, आणि ते त्याने मोडले, अशी तक्रार आहे. ध्वनिमुद्रण उत्कृष्टच आहे. मात्र छापील संहिता समोर ठेवून ते ऐकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

कारण या कवितेचे खरे बळ तिच्या मात्रांत, म्हणजे ऱ्हस्व अक्षराला एक आणि दीर्घाला दोन अशा उच्चाराच्या मापात आहे. ‘भूमातेच्या चरणतला तुज धूतां’ या वीस मात्रांच्या चरणामागून ‘मी नित्य पाहिला होता’ हा चौदा मात्रांचा चरण येतो, आणि धूतां-होता, जाऊं-पाहूं अशी यमके या लांब-आखूड जोड्या बांधून ठेवतात. लांब चरण पुढे सरकतो, आखूड चरण मागे ओढला जातो. लाटेची ही ये-जा कवीने कुठेही वर्णन न करता केवळ मोजमापातून साधली आहे. त्यानंतर सोळा मात्रांचे तीन चरण एकामागून एक येतात, आणि पुन्हा वीस मात्रांचा एक चरण ‘तळमळला’शी यमक जुळवत ध्रुवपदावर, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परतणाऱ्या ‘सागरा, प्राण तळमळला’ या ओळीवर आणून सोडतो.

त्या तीन चरणांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्या कडव्यात ते वचनी, बनुनी, उद्धरणी अशा यमकांनंतर प्रत्येक वेळी ‘मी’वर संपतात, कारण तिथे परत येण्याचा आत्मविश्वास बोलतो आहे. फसगत कळल्यावर पुढच्या तिन्ही कडव्यांत त्याच जागी ‘रे’ येतो, म्हणजे ‘मी’ मागे पडून समुद्राची विनवणी आणि पुढे धमकी सुरू होते. या तिन्ही कडव्यांत ‘आता रे’ही एकेकदा येते, ‘येईन त्वरे’ म्हणणाऱ्याला हा ‘आता’ किती जड गेला असेल! ध्रुवपदाची अक्षरे तीच राहतात, पण पहिल्या कडव्यानंतर त्यात हुरहूर आहे आणि अगस्तीने समुद्र पिऊन टाकल्याची आठवण करून दिल्यानंतर असहायता.

काही ठिकाणी मात्रांसाठी भाषा ताणली आहे, हेही नोंदवले पाहिजे. ‘मिरविते’चे ‘मिरवीते’ आणि ‘फसविसी’चे ‘फसवीसी’ झाले आहे, तर ‘त्वत्स्वामित्वा’सारखी जोडाक्षरे वाचतानाही जीभ अडखळते.

ध्वनिमुद्रणाबाबत माझी तक्रार नेमकी इथूनच सुरू होते. ‘तइं जननीहृद् विरहशंकितहि झाले’ (तेव्हा आईचे हृदय विरहाच्या शंकेने व्याकुळ झाले) ही ओळ नुसत्या कानांनी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला क्वचितच उलगडेल, आणि फोनच्या लहान स्पीकरवर तर समूहस्वरांत शब्दांचे सांधे अधिकच पुसट होतात. मात्र ध्रुवपद अनेक कंठांतून येते तेव्हा एकट्या माणसाचा विलाप सगळ्यांचा होतो, आणि हे कागदावरच्या कवितेला साधणारे नाही. मराठीच्या शिक्षकांनी वर्गात आधी मात्रा मोजून कविता मोठ्याने वाचून घ्यावी आणि मगच हे गाणे लावावे. तसे केले तर वीस आणि चौदाची ती ओढ मुलांना सुरांतही ओळखता येईल.